लाइट गेली एवढंच सांगा

सामुदायिक रेडिओची सरकारी नियमावली मी एका बैठकीत वाचून काढली आणि हसू आवरेना. दोष नियमावलीचा नाही. ती दिल्लीत, गंभीर माणसांनी, बऱ्यापैकी शहाणपणानं लिहिलेली आहे. भानगड एवढीच की मी ती बीडात बसून वाचत होतो.

वाचायला लावलं आमच्या गुरुजींनी. गुरुजी निवृत्त आहेत, म्हणजे फक्त शाळेतून. बार्शी रोडवरच्या हॉटेलात सकाळी त्यांचा तास भरतो आणि बाकड्यावरची हजेरी घेतल्याशिवाय ते चहा सांगत नाहीत. त्यांना कुणीतरी सांगितलं, साताऱ्याकडं म्हसवडला माणदेशी बायकांचं रेडिओ केंद्र आहे, सांगलीच्या जत तालुक्यात जालिहाळला 'येरळावाणी' आहे, देशात अशी पाचशेच्या वर केंद्रं आहेत. गुरुजी पेटले. "दुष्काळ त्यांच्याकडंबी अन् आपल्याकडंबी. मग रेडिओ त्यांच्याच गावात कामून?" मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं हळूच विचारलं, "गुरुजी, आता रेडिओ ऐकतंय कोण?" गुरुजी म्हणाले, "तू दुकानात दिवसभर काय लावतूस?" पोरगं गप्प. त्याच्या दुकानात दिवसभर बीडचं आकाशवाणी केंद्र चालू असतं.

"आकाशवाणी हाय की मग," बाकड्यावरचे मामा म्हणाले. आहे. पण ते सरकारचं, आणि सरकार आपल्याच घराला कुलूप लावत नाही. आकाशवाणीत चूक झाली तर नोंद होते. गाणं मध्येच अडकलं, उद्घोषक खोकला, अर्धा मिनिट नुसती शांतता गेली, की ड्यूटी रूममधला माणूस ते वेळेसकट लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ते वाचलं जातं आणि ज्याची चूक, त्याला लेखी खुलासा विचारला जातो. खुलासा लिहिणं हीच शिक्षा. सरकारी मराठीत खोकल्याचं समर्थन करणं हा सश्रम कारावासच आहे.

आपलं केंद्र काढलं तर मात्र हिशेब निराळा. नियमावली 2006 सालची, तिच्यात मागाहून फेरफार झाले. पण शिक्षेच्या तीन पायऱ्या मला सगळ्यात आवडल्या. पहिल्या उल्लंघनाला 1 महिन्यापर्यंत केंद्र बंद. दुसऱ्याला 3 महिन्यांपर्यंत बंद. त्यानंतरही सुधारला नाहीत, तर परवानगीच रद्द, आणि पुढची 5 वर्षं सरळ किंवा आडून, कसाही पुन्हा अर्ज करायचा नाही. बंदच्या काळातही करारातली देणी चालूच, फी भरतच राहायची. अर्थात म्हणणं मांडायची संधी मिळते, प्रकरण आंतरमंत्रालयीन समितीपुढं जातं, सगळं रीतसर. दखल सरकार स्वतःहून घेऊ शकतं, नाहीतर कुणाच्या तक्रारीवरून.

तक्रारीवरून! हे वाचलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. तक्रारी अर्ज हा आमच्या जिल्ह्याचा जोडधंदा आहे. विहीर शेजाऱ्याची, पाणी त्याचं, आणि अर्ज तिसऱ्याचाच असतो. खाली 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' म्हणून तलाठ्यापासून मुख्यमंत्र्यांपर्यंत नावं असतात आणि शेवटी उपोषणाची तारीख. आता त्या यादीत दिल्लीच्या मंत्रालयाची भर पडेल, एवढाच फरक.

पण शिक्षेपर्यंत पोचायला आधी परवानगी हवी, आणि परवानगीला संस्था हवी. एकट्या माणसाला रेडिओ काढता येत नाही. संस्था नोंदणी होऊन किमान 3 वर्षं झालेली हवी, लोकांची सेवा करणारी हवी, आणि मुख्य म्हणजे राजकीय पक्ष नको, पक्षाची विद्यार्थी शाखा नको, महिला शाखा नको, कामगार संघटना नको, पक्षाशी जोडलेलं काहीच नको. गुरुजींनी वही काढली आणि तालुक्यातल्या संस्थांची नावं लिहायला घेतली. शिक्षण संस्था लिहिली, खोडली. दूध संघ लिहिला, खोडला. पतसंस्था लिहिण्याआधीच बाकड्यावरचे सगळे हसले. व्यायामशाळा निघाली, तिच्या उद्घाटनाच्या कोनशिलेवर 6 आजी-माजी निघाले. शेवटी भजनी मंडळ उरलं. त्याची नोंदणी नव्हती, पण पक्षही नव्हता. म्हणजे मंडळात दोन गट आहेत, पण ते एकादशीला एकत्र येतात.

भजनी मंडळ म्हटल्यावर पेटी आली, आणि पेटीवरून मला आकाशवाणीचा एक जुना नियम आठवला. 1940 साली आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीच्या पट्ट्यांमधून आपल्या रागसंगीतातल्या श्रुती निघत नाहीत, असं जाणकारांचं म्हणणं होतं. ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. एकतीस वर्षं हे वाद्य रेडिओवरून तडीपार होतं आणि या काळात आमच्या एकाही मारुतीच्या देवळातून ते हललं नाही. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ऐकणारा तयार असंल तर कायदा काय वाजवायचं थांबवतूय?"

मामांचं हे वाक्य डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी ऐकायला हवं होतं. केसकर पुण्याचे, 1952 ते 1962 केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री. त्यांना वाटलं की सिनेमाची गाणी ऐकून देश बिघडतोय, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार केली आणि शास्त्रीय संगीत वाढवलं. हेतू थोर होता. केसकरांना गाण्यातलं कळत होतं, उगाच कुणी काही म्हणू नये. पण लोकांनी काय केलं? रेडिओची खुंटी फिरवली आणि काटा सिलोनवर नेऊन ठेवला. तिकडं त्याच 1952 साली अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. नियम मोडणाऱ्याला दंड करतात हे ठाऊक होतं. इथं नियम करणाऱ्यालाच दंड झाला आणि तोही सव्याज. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला सरकारला 'विविध भारती' काढावी लागली. मराठी माणसानं संपूर्ण देशाला एकाच वेळी श्रीलंकेकडं तोंड करून बसवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

त्या काळात दंडाचं भय बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त होतं, हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही. रेडिओ घरात ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. वर्षाचे 15 रुपये, पुस्तकात तिकिटं, वर शिक्का. 1933 च्या बिनतारी कायद्यानुसार विनापरवाना संच सापडला तर पहिल्या वेळी 100 रुपयांपर्यंत दंड आणि नंतर 250 पर्यंत. त्यामुळं लग्नात जावयाला रेडिओ मिळाला की पंचाईत व्हायची. संच सासऱ्यानं दिला, परवाना कुणी काढायचा? ऐंशीच्या दशकात ही परवान्याची कटकट संपली. गुरुजींच्या माळ्यावर वडिलांचं ते पुस्तक अजून आहे. रेडिओ कधीच मोडीत गेला, पण सरकारी शिक्का असलेला कागद आमच्याकडं कुणी टाकत नाही. उद्या कोण येऊन काय मागेल, सांगता येत नाही.

त्याच कायद्यात विनापरवाना प्रक्षेपण यंत्र बाळगणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी सोय होती. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरच्या राघव महतोला ती ठाऊक नव्हती. रेडिओ-टेप दुरुस्त करणारा हा तरुण. त्यानं पन्नासेक रुपयांच्या सामानात यंत्र बनवलं, बांबूला तार बांधली, शेजारच्या तीन मजली दवाखान्याच्या गच्चीवर उभी केली आणि 'राघव एफएम मन्सूरपूर 1' सुरू केलं. गाणी, हरवल्याचे निरोप, आरोग्याची माहिती. आसपासची गावं खूश. मग बातमी सातासमुद्रापार गेली, आणि तिकडून फिरून आपल्या सरकारच्या कानावर आली. 2006 साली केंद्र बंद झालं. आता गंमत बघा. त्याच 2006 च्या नोव्हेंबरात सरकारनं खेड्यापाड्यातल्या संस्थांना रेडिओ काढायला परवानगी देणारं धोरण आणलं. आठ महिने थांबला असता तरी राघवला काही उपयोग नव्हता म्हणा. एकटा माणूस चालत नाही, संस्था लागते. नव्या 2023 च्या दूरसंचार कायद्यात विनापरवाना सेवेला 3 वर्षं कैद तशीच ठेवलीय, दंड मात्र 2 कोटींपर्यंत नेलाय. हजार रुपयांवरून 2 कोटी. इतकी वाढ आमच्याकडं फक्त बायपासलगतच्या जमिनीला मिळते.

हे ऐकून मोबाइलवाला पोरगा, जो तोवर मनातल्या मनात बांबू शोधत होता, तो नियमानं जायला तयार झाला.

नियमानं जायचं तर यंत्राची ताकद एरवी जास्तीत जास्त 100 वॉट, आवाजाची पोच फार तर 5 ते 10 किलोमीटर. मनोऱ्याची उंची 15 मीटरपेक्षा कमी नको, 30 पेक्षा जास्त नको. बिनतारी खात्याची मंजुरी, मंत्रालयाशी करार, 2,500 रुपये प्रक्रिया शुल्क, 25,000 ची बँक हमी. 100 वॉटसाठी दिल्लीपर्यंत कागद. आणि ही चर्चा चालू असतानाच हॉटेलसमोरून वरात गेली. ट्रकवर डीजेची भिंत, इतकी उंच की विजेच्या तारा काठीनं उचलून धरायला एक पोरगा टपावर बसवलेला. बरण्यांची झाकणं नाचली. पुढची दहा मिनिटं आम्ही एकमेकांचे ओठ वाचत होतो. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, असा नियम याही देशातच आहे. पण डीजेवाल्याला त्याबद्दल विचारलं तर तो म्हणतो, "भाऊंचं लगीन हाय." या परवान्याला प्रक्रिया शुल्क नाही.

वरात पुढं गेल्यावर आम्ही कार्यक्रमांकडं वळलो. निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून झाला पाहिजे, शक्यतो स्थानिक बोलीत. इथवर सगळे खूश. बोलायला माणसं कमी पडणार नव्हती. मग मी काय बोलायचं नाही ते वाचायला घेतलं.

राजकारण नाही. बाकड्यावरचे दोघे उठून गेले.

बातम्या स्वतःच्या नाहीत. आकाशवाणीच्या लावता येतात, पण आहे तशा किंवा बोलीत उतरवून, मजकुरात काडीचा बदल न करता. मात्र काही गोष्टी बातमी समजल्या जात नाहीत, त्या चालतात: हवामान, वाहतूक, जत्रा-उत्सव, परीक्षा-निकाल, नोकरभरती, आणि स्थानिक प्रशासनानं दिलेली पाणी-विजेची, आपत्तीची, साथरोगाची माहिती. गुरुजींनी यावर बराच विचार केला. "म्हंजी लाइट गेली हे सांगता येईल?" येईल. "कामून गेली?" ते प्रशासनानं सांगितलं तर. "परळीला एवढा वीज कारखाना असून आपल्याच जिल्ह्यात लाइट कामून जातीय, हे?" ते नाही, गुरुजी. "मग पाणी पंधरा दिवसाआड येतंय हे सांगता येईल, आन् माजलगावचं धरण भरलंय हेबी सांगता येईल." हो. "दोन्ही एकापाठोपाठ सांगितलं तर?" मी नियमावली पुन्हा चाळली. एकापाठोपाठ सांगण्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

मित्र राष्ट्रांवर टीका नाही. हे कलम वाचून दिल्लीत कुणाच्या डोळ्यासमोर परराष्ट्र धोरण येत असेल. आमच्याकडं सोयाबीन येतं. पामतेलाची जहाजं येतात इंडोनेशिया-मलेशियातून आणि सोयाबीनचा भाव पडला की मोंढ्यात पहिली शिवी जाते ती थेट समुद्र ओलांडून. शेतकऱ्यांची मुलाखत घ्यायची म्हटली तर तिसऱ्या वाक्याला आंतरराष्ट्रीय संबंध बिघडणार.

अंधश्रद्धेला उत्तेजन नाही. हे बरोबरच आहे, आणि राज्यात 2013 पासून त्यासाठी वेगळा कायदाही आहे. पण हवामान सांगायची परवानगी असताना एक पेच उरतोच. पंचांगवाले प्रत्येक नक्षत्राला वाहन देतात आणि बेडूक असलं तर पाऊस बरा, गाढव असलं तर बेभरवशाचा, या हिशेबानं माणसं बियाणं आणतात. "मृगाचं वाहन बेडूक आहे" हे वाक्य हवामान म्हणायचं की अंधश्रद्धा? मामांनी तोडगा काढला. वाहन सांगायचं, अर्थ सांगायचा नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं.

दारू-तंबाखू छान असते असं सुचवायचं नाही. कार्यक्रमातला वक्ता बोलता बोलता तळहातावर मळत असला, तर त्या टाळीचा आवाज ध्वनिमुद्रणात जाईल का, अशी शंका आली. खासगी एफएमवाल्यांना तर 30 नोव्हेंबर 2022 ला मंत्रालयानं लेखी बजावलंय की दारू, अमली पदार्थ, बंदुका आणि टोळीवाल्यांची भलामण करणारी गाणी लावू नका, नाहीतर कारवाई होईल. आमच्या वरातीच्या यादीतून ही गाणी वगळली तर बँडवाल्याकडं बहुतेक आरतीच उरेल.

कुणा व्यक्तीची निंदानालस्ती नाही, अर्धसत्य नाही, सूचक टोमणे नाहीत. इथं हॉटेलमालकानंसुद्धा मान वर केली. सूचक टोमणे वगळून बीडात माणूस बोलणार कसा? आम्ही कुणाला नावानं काही म्हणतच नाही. "आमचे काही मित्र", "वरचे साहेब", "ज्यांनी हे केलं त्यांना माहितीय", एवढ्यावर आमची सगळी सार्वजनिक चर्चा चालते.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम 3 महिने जपून ठेवायचा. मागितला की हजर करायचा. मला वाटतं, मनावर घेतलं तर हे एकटं कलम आमच्या सार्वजनिक जीवनाची घडी बदलून टाकेल. "मी असं बोललोच नव्हतो" आणि "माझ्या बोलण्याचा विपर्यास केला" या दोन खांबांवर जो मंडप उभा आहे, त्याला 3 महिन्यांचं ध्वनिमुद्रण झेपणार नाही. सरपंच, जे एवढा वेळ "आपला पूर्ण पाठिंबा" म्हणत होते, ते म्हणाले, "मी उद्घाटनाला येतो. फक्त बोलायला लावू नका."

गुरुजींनी विचारलं, बाहेरच्या देशांत तरी काय आहे? अमेरिकेत, मी म्हटलं, केंद्रानं लोकांना बघायला ठेवायची कागदांची फाइल नीट ठेवली नाही, तर त्याचाच मूळ दंड 10,000 डॉलर. 2014 साली तिथल्या एका मोठ्या रेडिओ कंपनीनं कार्यक्रमात गंमत म्हणून आणीबाणीच्या इशाऱ्याचा खरा भोंगा वाजवला, तिला 10 लाख डॉलर भरावे लागले. दुसऱ्या बातमीचं कुणाला काही वाटलं नाही. खोटी आवई उठवणाऱ्याला दंड व्हावा, हे सगळ्यांनाच पटलं. फाइलीचं मात्र पटेना. फाइल सापडत नाही म्हणून दहा हजार डॉलर? हा नियम आमच्या कचेऱ्यांना लावला तर जिल्हा नियोजनाचा निधी वेगळा मागावा लागणार नाही.

राहिली कमाई. जाहिरातींना आधी तासाला 7 मिनिटं होती, 2024 पासून 12 झाली आणि सरकारी जाहिरातीचा दर 10 सेकंदांना 74 रुपये. आमच्याकडं जाहिरात म्हणजे वाढदिवस. चौकातल्या फ्लेक्सवर जे छापतो ते रेडिओवर वाचायचं. पण 10 सेकंदांत उत्सवमूर्तीच्या पदव्याच संपत नाहीत, खालचे पन्नास शुभेच्छुक कधी वाचायचे? आणि एकाचं नाव गळालं तर तो नियम मोडल्याची तक्रार करणारच. शिवाय 'भावी आमदार' हा शब्द वाचला की जाहिरात राजकीय होते का, यावर अर्धा तास गेला. शेवटी असं ठरलं की 'भावी' तेवढं ठेवायचं आणि पुढं थांबायचं.

मला वाटलं, आता विषय मिटला. एवढ्या अटी ऐकून गुरुजी वही बंद करतील. पण ऊसतोडीची मुकादमकी करून पांढरे झालेले एक आप्पा कोपऱ्यात इतका वेळ नुसते ऐकत होते. त्यांनी विचारलं, "पहिल्या चुकीला किती म्हणलात? एक महिना. अन् दुसरीला?" तीन. आप्पांनी बोटांवर मोजलं. दसरा झाला की गावातली निम्मी माणसं कोयता घेऊन कारखान्यांकडं जातात, कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. ती परत येईपर्यंत गावात ऐकायला म्हातारी-कोतारी अन् शाळेतली पोरं. "मग सीमोल्लंघनाच्या दिवशी एक चूक करायची. महिना गेला. दिवाळी झाल्यावर दुसरी करायची. तीन महिने गेले. ऊस संपतोय तवर केंद्र चालू. लोकं गावात, रेडिओ गावात."

"आन् पुढच्या दसऱ्याला?" पोरानं विचारलं.

"पुढच्या दसऱ्याला तिसरी."

"तिसरीला परवानगी रद्द होती, आप्पा. पाच वर्षं अर्ज करता येत नाही."

"पाचच ना?" आप्पा म्हणाले. "पाच वर्षांनी आपल्याकडं समदेच परत येतेत."

गुरुजींनी वहीत भजनी मंडळाच्या नावापुढं 'नोंदणी करणे' असं लिहिलं आणि अध्यक्ष कोणत्या गटाचा, यावर वाद सुरू झाला.